सहाही डिस्कवर चेकसम एरर, स्मार्ट मात्र स्वच्छ: डिस्क बदलायच्या की कार्ड?

रेडझेड_दोन

फ्रीबीएसडी १४ वर झेडएफएस फाइलसिस्टिम आहे, तिच्यात सहा ४ टीबी सॅटा डिस्कचा एकच रेडझेड२ पूल (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारा गट) आहे. सगळ्या डिस्क एसएएस२००८ चिपच्या एचबीए कार्डावर (डिस्क मशिनला जोडणारं कार्ड), आयटी मोडमध्ये (कार्ड डिस्क जशाच्या तशा सिस्टिमला देतं). टॉवर कॅबिनेट, पुढे १२० मिमीचा एक पंखा, ३२ जीबी ईसीसी रॅम (बिटच्या चुका स्वतः सुधारणारी).

सलग दोन स्क्रबमध्ये (पूलमधला सगळा डेटा वाचून पडताळणं) प्रत्येक डिस्कवर चेकसम एरर (वाचलेला डेटा त्याच्या नोंदवलेल्या पडताळणी-आकड्याशी न जुळणं) दिसल्या: डीए० वर ६, डीए१ वर ४, डीए२ वर ७, डीए३ वर ११, डीए४ वर ५, डीए५ वर ६. रीड आणि राइटचे रकाने सगळीकडे शून्य. स्क्रबने सगळं दुरुस्त केलं, कायमची खराब झालेली फाइल एकही नाही. स्मार्टमध्ये (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टर) शून्य, १९९ (तारेवरच्या एरर) फक्त डीए३ वर २. एमपीएसयुटिल कार्डाचं फर्मवेअर २०.००.००.०० दाखवतं.

डीए३ चा आकडा मोठा म्हणून ती काढून नवी ४ टीबी डिस्क लावली आणि झेडपूल रिप्लेस दिलं. दोन-तीन तास ठीक चाललं, मग वेग सेकंदाला १० एमबीच्याही खाली आला आणि कन्सोलवर नव्या डिस्कच्या नावाने ‘कमांड टाइमआउट’ येऊ लागलं. जुनी डिस्क बाजूला ठेवली आहे, पुसलेली नाही.

बाकीच्या डिस्कही बदलाव्या लागतील का? की हे कार्ड काढून बॅटरीवालं हार्डवेअर रेड कार्ड (डिस्कचा गट स्वतःच सांभाळणारं) घ्यावं?

तारजोड

आधी तारा बघा. कार्डाच्या एका सॉकेटमधून चार सॅटा फाटे काढणारी जी केबल असते, तिचं टोक ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावं लागतं. अर्धवट बसलेली केबल महिनोन्महिने चालते आणि मग त्रास देते. विकत घेताना ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ हीच घ्या. दिसायला हुबेहूब तशीच ‘रिव्हर्स’ केबल मिळते, तिच्यावर या कार्डाला डिस्क दिसतच नाहीत.

१९९ चा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे आजचा लिहून ठेवा आणि पुढच्या स्क्रबनंतर ताडून बघा. वाढला तर केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी).

पॉवरच्या तारांकडेही लक्ष द्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे सहा डिस्क एकदम सुरू झाल्या की १२ अँपिअर, जवळपास १५० वॅट. एका मोलेक्सवरून (चार पिनांचा पॉवर कनेक्टर) चार-चार डिस्कना फाटे दिले असतील तर ते वाटून टाका. प्लास्टिक ओतून बनवलेले सॅटा फाटे वापरू नका, आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळतात.

ब्लॉक_पाहणी

तारजोड यांचं म्हणणं तपासण्यासारखंच आहे, पण या आकड्यांवरून मला तारांवर संशय येत नाही. सॅटावर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला स्वतःचा सीआरसी (पडताळणीचा आकडा) असतो. तारेत बिट बिघडला तर तो तिथेच पकडला जातो, १९९ वाढतो, कमांड पुन्हा दिली जाते, आणि फारच झालं तर रीड-राइटच्या रकान्यात एरर पडते. इथे ते रकाने कोरे आहेत. म्हणजे डिस्क आणि कार्ड दोघांनीही ‘सगळं बरोबर’ म्हणून चुकीचा डेटा पुढे दिला. सहा डिस्क एकाच वेळी, जवळपास सारख्याच प्रमाणात असं करत नाहीत. सहांमध्ये समाईक काय आहे ते शोधायचं: कार्ड, पीसीआय स्लॉट, पॉवर सप्लाय, रॅम.

रॅम यादीत खाली ठेवा. एक तर ती ईसीसी आहे. दुसरं, चेकसम निघाल्यावर पण पॅरिटी (हरवलेला डेटा परत उभा करणारी जास्तीची माहिती) काढण्याआधी ब्लॉक बिघडला असता तर पॅरिटीही बिघडलेल्या डेटाचीच झाली असती आणि स्क्रबला दुरुस्ती जमली नसती. तुमच्याकडे सगळं दुरुस्त झालंय, म्हणजे बिघाड त्यानंतरच्या वाटेवर आहे.

माझा पहिला संशय फर्मवेअरवर. पी२० मालिकेतलं २०.००.००.०० हे पहिलं रूप डेटाच्या एरर देण्याबद्दल बदनाम आहे, २०.००.०७.०० वर तो त्रास नाही. नुसतं ‘पी२०’ पाहून समाधान मानू नका, शेवटचे आकडे वाचा.

दुसरा संशय उष्णतेवर. ही कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली आहेत. टॉवरमध्ये पुढच्या पंख्याची हवा डिस्कच्या पिंजऱ्यातच अडते, स्लॉटपर्यंत जेमतेम पोहोचते. स्क्रब चालू असताना हीटसिंकवर बोट टेकवा. दोन-तीन सेकंदही धरवत नसेल तर ४० मिमीचा पंखा थेट हीटसिंकवर बसवा. कार्ड जुनं असेल तर खालची वाळलेली पेस्टही बदला.

त्याआधी एक तातडीचं. एक डिस्क बाहेर असताना तुमच्याकडे एकच पॅरिटी उरली आहे, आणि ती ज्या कार्डावर भरवसा नाही त्याच्यावर. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर तिचा डेटा पुन्हा भरणं) रेटत बसू नका. महत्त्वाचा डेटा दुसऱ्या मशिनवर उतरवा आणि मशीन बंद करा. जुनी डीए३ परत लावा, नवी काढा. मग पूल एक्सपोर्ट करून (सिस्टिमपासून नीट सोडवून) ईएफआय शेलमधून (सिस्टिम सुरू होण्याआधीची कमांडची जागा) फर्मवेअर चढवा:

सास२फ्लॅश -लिस्टऑल
सास२फ्लॅश -ओ -एफ २११८आयटी.बिन

ही फाइल ९२११-८आय प्रकारच्या कार्डाची आहे. आयटी वरून आयटीकडे जाताना आधी पुसण्याची गरज नाही. पुसलंच, तर नवं फर्मवेअर चढेपर्यंत मशीन रीस्टार्ट करू नका, आणि कार्डामागच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता आधी लिहून घ्या.

थाळी_५४००

नव्या डिस्कचा प्रश्न वेगळा आहे, त्याचा कार्डाशी संबंध नाही. आधी चांगला वेग आणि मग घसरण ही एसएमआर डिस्कची खूण. कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. येणारा डेटा आधी एका साध्या पट्ट्यात साठतो. रीसिल्व्हरचं लिखाण थांबतच नाही, तो पट्टा भरतो आणि डिस्क आतली आवराआवर करताना कमांडला उत्तरच देत नाही. कर्नलच्या लेखी तो टाइमआउट.

स्वतः एसएमआर असल्याचं या डिस्क सिस्टिमला सांगत नाहीत, मॉडेल क्रमांक निर्मात्याच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. नाव पुरत नाही: वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीची ईएफएएक्स मॉडेल्स एसएमआर असल्याचं एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालं, तर जुनी ईएफआरएक्स सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) होती. एक झटपट खूण: कॅमकंट्रोल आयडेंटिफाय दिल्यावर फिरत्या डिस्कसमोर ट्रिमला (नको असलेले ब्लॉक डिस्कला कळवण्याची सोय) ‘यस’ दिसलं तर ती बहुधा एसएमआर.

सीएमआर डिस्क आली की तिची एरर सोडून देण्याची वेळही लावा:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/डीए३

७० म्हणजे ७ सेकंद. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर डिस्क मिनिटभर झगडत बसण्यापेक्षा ७ सेकंदांत हार मानलेली बरी, तो ब्लॉक पॅरिटीतून उभा करायला झेडएफएस समर्थ आहे. बऱ्याच डिस्क ही सेटिंग वीज गेल्यावर विसरतात, म्हणून आरसी.लोकलमध्ये टाका.

रेडझेड_दोन

नवी डिस्क एसएमआरच निघाली, माहितीपत्रकात तसं स्पष्ट आहे. हीटसिंकवर बोट ठेवणं अशक्य होतं. जुनी डीए३ परत लावली, फर्मवेअर २०.००.०७.०० केलं, ४० मिमीचा पंखा बसवला. झेडपूल क्लिअर देऊन सलग दोन स्क्रब चालवले: सगळीकडे शून्य, १९९ अजून २ वरच. स्टेटसमध्ये ‘रिप्लेसिंग’ची ओळ मात्र तशीच आहे. आणि रेड कार्डाचं काय?

ब्लॉक_पाहणी

पंखा आणि फर्मवेअर एकदमच बदलल्यामुळे दोष नेमका कोणाचा हे आता कळणार नाही. पंखा काढून ते शोधत बसू नका, पुढचे तीन-चार स्क्रब महिन्याऐवजी आठवड्याने घ्या. त्या ओळीसाठी नव्या डिस्कचं नाव किंवा स्टेटसमधला लांब आकडा देऊन झेडपूल डिटॅच करा, रिप्लेस रद्द होईल आणि जुनी आपल्या जागी राहील.

रेड कार्ड घेऊ नका. एकेका डिस्कचा रेड० करून दिला तरी कार्ड डिस्कवर स्वतःची नोंद लिहितं. ते बिघडलं की पूल दुसऱ्या कार्डावर उघडेल याची खात्री नसते, शिवाय डिस्कचा खरा दोष कार्डाच्या पडद्याआड राहतो. मदरबोर्डवर सहा सॅटा पोर्ट असतील तर एएचसीआय मोडमध्ये (रेडशिवाय साधं सॅटा) तेच सर्वांत बिनघोर. एक्सपोर्ट, केबल हलवा, इम्पोर्ट. झेडएफएस डिस्क त्यांच्यावरच्या लेबलवरून ओळखतं, पोर्टवरून नाही. पोर्ट कमी पडले तर एसएएस३००८ चिपचं कार्ड घ्या, ते एमपीआर ड्रायव्हरवर चालतं. आठ पोर्टची स्वस्त सॅटा कार्डं टाळा. पीसीआयकॉन्फ -एलव्ही मध्ये चिप दोन पोर्टची आणि पाटीवर सॉकेट आठ दिसली, तर मध्ये पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टचे अनेक करणारी चिप) आहे. त्यामागची एक डिस्क अडकली की बाकीच्याही गायब होतात.

पुढे कधी डिस्क बदलताना जुनी आधी काढू नका. तुमच्या कार्डावर दोन पोर्ट मोकळे आहेत. नवी तिथे लावा, जुनी चालू ठेवूनच रिप्लेस द्या, आणि रीसिल्व्हर संपून स्टेटसमधून जुनीचं नाव गेल्यावरच तिची केबल काढा.