जुन्या फॉन्टमधील वीस वर्षांचे काम युनिकोडमध्ये आणावे की तसेच ठेवावे?

प्रश्न विचारणारे: मेहरूणकाठ, जळगाव

नमस्कार. जळगावात आमचा तिघांचा लहानसा डिझाइन स्टुडिओ आहे. वडिलांनी २००३ साली डीटीपीचे दुकान म्हणून तो सुरू केला, तेव्हा लग्नपत्रिका, बिलबुके आणि वर्षाकाठी एखादी स्मरणिका एवढेच काम असे. आता मी आणि माझी बहीण मिळून पाकिटांची वेष्टने, बोधचिन्हे आणि वेबसाइटही करतो. वडिलांच्या काळातील सगळा मजकूर कृतिदेव आणि त्याच पठडीतील इतर फॉन्टमध्ये, कोरल ड्रॉ आणि पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत पडून आहे. त्या फाइली ज्या संगणकावर नीट उघडतात, तो विंडोज एक्सपीचा जुना डबा मे महिन्यात दुपारी दोननंतर उकाड्याने बंद पडतो.

गेल्या महिन्यात रावेर तालुक्यातील एका शेतकरी गटाने केळीच्या वेफर्सचे जुने पाकीट नव्या मापात मागितले, आणि तोच मजकूर त्यांना वेबसाइटवरही हवा होता. मी तो इंटरनेटवरील एका मोफत रूपांतरकातून काढला, नव्या फाइलीत चिकटवला, वरवर नजर फिरवली आणि छपाईला दिला. पाच हजार पाकिटे छापून आली तेव्हा वडिलांनी काही न बोलता मागच्या बाजूच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. ‘शेतकऱ्यांनी’ऐवजी ‘शेतकर्यांनी’ छापले गेले होते, आणि खाली बारीक अक्षरांत ‘पौष्टिक’ची वेलांटी ष आणि ट यांच्या मधोमध एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकली होती. गटाच्या मंडळींनी समजुतीने घेतले, पण फेरछपाईचा खर्च अर्थातच आमच्या अंगावर आला.

माझा प्रश्न असा की, हा सगळा जुना साठा एकदाच बसून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सार्वत्रिक अक्षरसंकेतांत, आणावा का, आणि आणायचा तर अशा चुका कशा पकडाव्यात? शिवाय पाकिटावरील नाव ज्या ठसठशीत जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्या वळणाचा युनिकोड फॉन्ट मला सापडलेला नाही, आणि गटाला नेमके तेच वळण हवे आहे.

उत्तर: शाईचा डाग, भुसावळ

प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईपूर्व तयारीच्या, टेबलावर माझी पंचवीस वर्षे गेली, त्यामुळे ती लटकलेली वेलांटी माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे रोमन ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे. फॉन्टने फक्त त्या खणांत म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांची चित्रे बसवलेली असतात. ही मांडणी टंकलेखन यंत्रावरून आलेली असल्यामुळे डोळ्यांना जे आधी दिसते ते आधी टंकले जाते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अगोदर आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे आधी व्यंजन आणि मग वेलांटी, आणि ‘धर्म’मध्ये आधी र, मग म. रूपांतरकाला म्हणूनच नुसती अक्षरे बदलून भागत नाही; वेलांटी अख्खे जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावी लागते. तुमच्या ‘पौष्टिक’मध्ये ती ष् आणि ट दोन्ही ओलांडून जायला हवी होती, ती पहिल्याच उंबरठ्यावर अडली.

‘शेतकऱ्यांनी’चे दुखणे वेगळे आहे. चंद्रकोरीसारखा दिसणारा हा अर्धा र हिंदीला लागत नाही, आणि माझ्या पाहण्यातील बरेच मोफत रूपांतरक हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असल्यामुळे त्यांना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कळत नाही. त्यात युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत: एक नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ घेऊन, आणि दुसरी साध्या र् नंतर एक अदृश्य जोडवर्ण घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. पण वेबसाइटच्या एखाद्या फॉर्ममध्ये तो अदृश्य वर्ण गळाला की पुन्हा रफार उभा राहतो, आणि एका पद्धतीने शोधलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असेल तर सापडेलच असे नाही. स्टुडिओत सर्वांनी पहिलीच पद्धत पाळायची, हे आजच ठरवून टाका. रूपांतर झाले की मजकुरात ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला. ‘सूर्य’ बरोबर असेल, ‘बर्हाणपूर’ नसेल. त्यानंतर छापील प्रत काढून वडिलांनाच वाचायला द्या. त्यांच्याइतका चांगला मुद्रितशोधक तुम्हाला पगार देऊनही मिळायचा नाही.

साठ्याबद्दल म्हणाल, तर सगळे रूपांतरित करण्याच्या फंदात पडू नका. २००७ सालची लग्नपत्रिका पुन्हा छापायला कोण येणार आहे? प्रत्येक फाइलीची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढा, मूळ फाइल आणि तिचे फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि जे काम परत येईल तेवढ्याचेच रूपांतर करा. पेजमेकर मात्र सर्वांत आधी हाताळा. त्याची सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या फाइली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. जुने टाइप-१ प्रकारचे फॉन्ट असतील तर जानेवारी २०२३ पासून अ‍ॅडोबीने त्यांचाही आधार काढून घेतला आहे. डब्यात धुगधुगी आहे तोवर त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत दोन ठिकाणी करून घ्या, आणि उकाड्याचे दिवस असतील तर सकाळी सहाला बसा.

उत्तर: पांझराकाठ, धुळे

शाईदादांच्या उत्तरात थोडी भर घालते. मजकूर शुद्ध असला तरी तो मराठी दिसेलच असे नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीतील ल आणि श यांची वळणे ठरवून दिली आहेत. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, पण न सांगता मिळते ते हिंदी. इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते आणि परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्याही जुळवणारी त्यातील सोय) लावावा लागतो, नाहीतर जोडाक्षरेच मोडतात. वेबसाइटच्या पानावर भाषेचा संकेत ‘एमआर’ असा द्यावा. याच वेबसाइटवर ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका. आमच्या एका कामात मेनूतील ‘संपर्क’च्या रफाराचा शेंडा कापला गेला होता आणि तो महिनाभर कोणाच्या लक्षात आला नाही. मी आता अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपेक्षा कमी अंतर ठेवत नाही.

खान्देशात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण अहिराणीची आहे. अहिराणीला ‘एएचआर’ असा स्वतःचा संकेत आहे, पण मी वापरते त्या फॉन्टमध्ये त्यासाठी कोणतेही नियम नाहीत. म्हणून अहिराणी मजकुरालाही भाषा मराठीच द्यावी आणि स्वयंदुरुस्ती बंद ठेवावी. आमच्याकडे एका कवितासंग्रहाच्या कामात नव्या मुलाने लाल रेघा दिसल्या म्हणून सगळे ‘डोया’ बदलून ‘डोळा’ केले आणि ‘काया’चे ‘काळा’ केले. त्याचा हेतू चांगला होता, एवढेच त्याच्या बाजूने सांगता येईल. कवींनी मुद्रित पाहून जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

प्रश्न विचारणारे: मेहरूणकाठ, जळगाव

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘र्ह’ शोधला तर वितरकाच्या पत्त्यातील बऱ्हाणपूरही चुकलेले निघाले, म्हणजे फेरछपाईतही ते तसेच गेले असते. नावाच्या वळणाचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. जुन्या फॉन्टमधील आकार उचलून त्यांचा स्वतःचाच एक युनिकोड फॉन्ट करून घ्यावा, असे बहिणीच्या मनात आहे.

उत्तर: बोरूचे टोक, मूळ अमळनेर, सध्या पुणे

ताईंना कृपया थांबवा. फॉन्ट विकत घेतला म्हणजे त्यातील आकार उचलून दुसरा फॉन्ट बनवण्याचा हक्क मिळत नाही. परवाना वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. तशी गरजही नाही. पाकिटावरील नाव म्हणजे चार-सहा अक्षरे आहेत, आणि ती फॉन्ट नसून बोधचिन्ह आहेत. ताईंना बोरू किंवा कापलेले मार्कर घेऊन तेच शब्द स्वतःच्या हाताने पंचवीस-तीस वेळा लिहू द्या, त्यांतील चांगले स्कॅन करून कोरलमध्ये रेखा, कर्व्ह करा (म्हणजे आकारात बदला) आणि वेबसाइटवर चित्र म्हणून लावताना त्याचा पर्यायी मजकूर युनिकोडमध्ये भरा. ठसठशीतपणा हवा असेल तर लेखणीचा कोन सांभाळा. नुसती बाह्यरेषा जाड केली की अक्षरांची पोटे बुजतात.

मागच्या बाजूच्या मजकुरासाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट पुरेसा आहे, त्याची सात वजने (बारीक ते जाड असे प्रकार) आहेत आणि परवाना खुला आहे. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला ‘यशोमुद्रा’ हा फॉन्टही पाहावा. बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून काळा आला आणि छपाईचा पत्रा केसभर सरकला की पहिला बळी अनुस्वाराचा जातो.

जुन्या पाकिटाचे स्कॅन इथे टाकता आले तर पाहा. त्यातील ‘ळ’ कसा वळवला आहे ते पाहिल्याशिवाय लेखणीच्या जाडीबद्दल मी काही सांगू शकणार नाही.