गोळ्या वाटून रोग जातो का?

चाकरमानी_गुहागर:
मे महिन्यात गावी गेलो की आजी व्हाळात उतरू द्यायची नाही. 'रगत मुतशील मेल्या!' घाबरवायला म्हणते असं वाटायचं. पुढे लालबागला बसून वाचलं, तर १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी आमच्या शेजारच्या गिमवीत शिस्टोसोमियासिसचे, म्हणजे जंतांमुळे लघवीतून रक्त जाण्याच्या रोगाचे, रुग्ण नोंदवलेले. रुग्णाची लघवी पाण्यात, तिथून गोगलगायीत, आणि गोगलगायीतून निघालेली अळी पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून थेट आत. पाणी प्यावंही लागत नाही.

यावर जगभर प्राझिक्वान्टेल ही गोळी वाटतात. ती मोठे जंत मारते, कोवळे वाचतात. आणि पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात. जपानने गोगलगायींचे कालवेच सिमेंटचे केले. १९७७ नंतर तिथे नवा रुग्ण नाही. आपल्या नारूवर (पिण्याच्या पाण्यातून होणारा जंतांचा रोग) ना गोळी होती ना लस. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, १९९६ ला देशातला शेवटचा रुग्ण, २००० ला प्रमाणपत्र. माझं स्पष्ट मत: गोळी ही पळवाट आहे. पाणी आणि संडास द्यायचे नसले की गोळी वाटतात.

पाड्यावरची_ताई:
दादा, नारूचा दाखला तुमच्यावरच उलटतो. घरोघरी जाऊन पाणी कापडातून गाळायला लावणारी माणसं नसती तर नारू गेला असता का? मी पालघरला हत्तीरोगाच्या मोहिमेत गोळ्या देते. डीईसी आणि अल्बेंडाझोल, समोर गिळायला लावून. 'ठेवा ताई, जेवल्यावर घेतो' म्हणणाऱ्याची गोळी संध्याकाळी उकिरड्यावर सापडते. कुणाला गोळीनंतर ताप, चक्कर आली की सगळा पाडा दारं लावतो. ताप येतो तो बऱ्याचदा रक्तातले जंतू मरतात म्हणून, हे समजावण्यात निम्मा दिवस जातो. गटार होईल तेव्हा होईल. तोवर ज्याचा पाय सुजणार त्याला काय सांगू, थांब?

कुर्ला_फास्ट:
शिस्टोचे नव्वद टक्के रुग्ण आफ्रिकेत. मुंबईत बसून कशाला काथ्याकूट? आपल्याला डेंगी पुरे.

पाड्यावरची_ताई:
जागतिक आरोग्य संघटनेची 'दुर्लक्षित' रोगांची यादी आहे, शिस्टो आणि हत्तीरोग असलेली. डेंगी त्याच यादीत आहे. कुष्ठरोग, रेबीज, सर्पदंशसुद्धा.

वडाळा_पूर्व:
(गंमत म्हणजे दर पावसाळ्यात मुंबईला घाबरवणारा लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा रोग, त्या यादीत नाही.) मला भीती 'निर्मूलन' या शब्दाचीच वाटते. कुष्ठरोगाचं देशात २००५ ला जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. शून्य नव्हे! आमच्या इथलं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून उभं आहे, ते काही त्या दिवशी रिकामं झालं नाही. पण 'कुष्ठरोग गेला ना?' असं विचारणारे शिकलेले लोक मला भेटतात.

चाकरमानी_गुहागर:
ताई, तुमच्या कष्टांबद्दल वादच नाही. पण मोहिमांचा इतिहासही बघा. इजिप्तमध्ये शिस्टोचीच इंजेक्शनं दशकानुदशकं दिली, सुया नीट न उकळता. त्यातून लाखोंना हेपॅटायटिस सी झाला.

पाड्यावरची_ताई:
म्हणून तर सुई गेली आणि गोळी आली! माझ्याच बाजूचं बोललात. एक मात्र कबूल करते, हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो, आणि मी गोळी देते त्या घराच्या दाराशीच गटार तुंबलेलं असतं. दरवर्षी तेच घर, तेच गटार.

चाकरमानी_गुहागर:
बरं, 'पळवाट' हा शब्द मागे घेतो. 'तेच गटार' तेवढं सोडणार नाही.

कुर्ला_फास्ट:
अवांतर: काल स्टेशनपासून घरापर्यंत गुडघाभर पाण्यातून आलो. लेप्टोची ती गोळी घ्यावी का?

पाड्यावरची_ताई:
पायाला जखम आहे?

कुर्ला_फास्ट:
टाच फुटलीय थोडी.

पाड्यावरची_ताई:
मग इथे काय करताय? आजच दवाखान्यात जा. ती गोळी, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन), डॉक्टरांना विचारूनच, आणि उपाशीपोटी नको.