घरी न सांगितलेली रानवाट

चिंचगोळी
परवा जेवताना लेकीने जाहीर केलं, "रविवारी भीमाशंकर. शिडी घाटाने. विचारत नाहीये, सांगतेय." मी म्हटलं, अगं निसरडं असतं, शिड्यांचा भरवसा नाही. तर म्हणे, "आई, तुला काय माहिती गं शिड्यांचं!"

घास हातातच राहिला. मला माहिती आहे. फक्त मला माहिती आहे हे घरात कुणालाच माहिती नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच (ती ७८ची आहे, पण आवाज अजून खणखणीत).

१९९७, गणपती नुकतेच गेले होते. घरी सांगितलेलं, जर्नल पुरी करायला मैत्रिणीकडे राहते. आम्ही चौघी. शेवटच्या लोकलने कर्जत, फलाटावर पेपर अंथरून झोप, सकाळी कशेळ्यावरून खांडस. गावाच्या पुढे पुलापाशी वाटा फुटतात. गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा. आम्हाला अर्थातच जवळचा. पहिली शिडी हसत चढलो. दुसरीवर वरून पाण्याची धार थेट मानेत, आणि एक पायरी जिथे हवी तिथे नव्हतीच. पुढच्या कातळावर आमच्यातली एक तोंड दगडाकडे करून बसली आणि रामरक्षा म्हणायला लागली. मध्येच तिचे मनाचे श्लोक सुरू झाले. आम्हाला हसू आवरेना, आणि हसलं की हात सुटेल ही भीती.

पण खरी गंमत पदरवाडीनंतर. चहा झाला, आता काय राहिलंय म्हणून गप्पा मारत रानात शिरलो. धुकं असं की पुढचीची फक्त सॅक दिसायची. अर्ध्या तासाने एक वाकडा हिरडा लागला. पुन्हा अर्ध्या तासाने तोच हिरडा. तिसऱ्यांदा लागला तेव्हा कुणीच बोललं नाही. खाली बसलो. एकीने हळूच विचारलं, "घरी कुणी सांगायचं?"

मग डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली, अनवाणी. म्हणाली, "हितं का बसल्या पोरींनो, वाट तर ही काय." वीस पावलांवर होती. आम्ही ती तिन्ही वेळा ओलांडून गेलो होतो, गुरांच्या वाटेवरून.

तर तुमची अशी कुठली रानवाट आहे का, जी घरी सांगितली नाही? लिहा. मला रविवारपर्यंत काहीतरी ठरवायचंय.

मुकाट
मनाचे श्लोक 😂 आमच्याकडे भीमरूपी.

पंचगंगेकाठचा
मसाई पठार संपलं की खरं सुरू होतं, त्याआधी सगळे फोटो काढत असतात. आमची पावनखिंड मोहीम, जुलैच. दुसऱ्या दिवशी बुटाचा तळ निघाला. नवा बूट! दुकानदार म्हणालेला "डोंगराचा बूट आहे साहेब". डोंगराचा असंल, चिखलाचा न्हवता. सुतळीनं बांधला, दोन ओढे टिकला. मग तळ हातात आणि वरचा भाग पायात अशा थाटात एका वाडीत शिरलो. शेतात बायकांची रोप लावण चाललेली, डोक्यावर इरली. एक आजी कंबर सरळ करून बघितली आणि अशी हसली की अख्खी ओळ थांबली. "कुठनं पळून आलासा?" म्हटलं पन्हाळ्यावरनं. "मग म्हाराजांच्या टायमालाच निघाला असशील, आता पोचलास." घरात जाऊन नातवाच्या प्लास्टिकच्या पावसाळी चपला आणून दिल्या. एक नंबर लहान. पैसे घेईना. टाचा बाहेर ठेवून पांढरेपाण्यापर्यंत गेलो.

घरी काय सांगितलं? बूट चोरीला गेला म्हणून. साडेतीन हजाराचा होता, खरं सांगायची छाती न्हवती.

आंब्याचं_पान
@पंचगंगेकाठचा आजी भारी! ती अख्खी रानवाट महाराजांनी १६६० मध्ये आषाढी पौर्णिमेच्या रात्री, पावसात, पालखी घेऊन, मागे सिद्दीची फौज... आणि आपण गम बूट की ट्रेकिंग बूट यावर वाद घालतो.

पंचगंगेकाठचा
ही तुलना दर मुक्कामाला कुणीतरी करतंच, आणि त्याच माणसाचे पाय सगळ्यात आधी दुखतात. अनुभव हाय.

आंब्याचं_पान
माझेच दुखले होते. कसं ओळखलंत?

गुडघेदुखी
अवांतर विचारतो, उतारावर नी-कॅप दोन्ही पायांना लावायची की दुखऱ्या पायालाच?

पुणेकर_नसलेला
वासोटा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, पलीकडे उतरलं की रान सुरू. नावाडी आधीच सांगतो, अमुक वेळेला परत या, मी थांबणार नाही. जळवांचं कुणीच सांगत नाही. मोज्यात काहीतरी ओलं लागतंय म्हणून बूट काढला तर मोजा लाल. मोजल्या, डाव्या पायाला अकरा. सोबतचा मित्र डॉक्टर (आता मोठा आहे, तेव्हा इंटर्न). तो शांतपणे म्हणाला, "जळू चावली की दुखत नाही, रक्तही लवकर गोठत नाही," आणि त्यानंतर स्वतःच्या मानेवर सापडली तेव्हा जी किंकाळी मारली ती नागेश्वरापर्यंत गेली असेल.

बायकोला माहिती आहे. लग्नाआधीच सांगितलं होतं. तरी केलं तिने लग्न.

कुळागर
तंबाखू भिजवलेलं पाणी मोज्यांना चोळून जायचं, आमचे इथले जुने लोक हेच करतात. मीठ पावसात वाहून जातं.

आमचा गुन्हा वेगळा. कॅसलरॉकहून रुळांवरून चालत दूधसागर, मध्ये बोगदे. तेव्हा सगळेच जायचे. एका बोगद्याच्या मधोमध होतो आणि मागून मालगाडी. भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, डोळे मिटून, डबे मोजत. किती मोजले ते विसरलो, पण इंजिनाची गरम हवा अजून गालावर आहे. आता रुळांवरून चालायला बंदी आहे आणि बरंच आहे. हे आईला सांगितलं नाही, आणि ती आता राहिली नाही.

चिंचगोळी
@कुळागर __/\__ शेवटच्या ओळीपाशी थांबले.

थंडीत_गारठलेला
स्कॉटलंडमधून लिहितोय. वेस्ट हायलँड वे, ९६ मैल, आम्ही सात दिवसांचा बेत केला होता. डोंगर सह्याद्रीपुढे काही नाहीत, वाट आखलेली, खुणांचे खांब आहेत. पण मिजेस! चिलटाहून लहान, ढगाने येतात, संध्याकाळी वारा पडला की. तोंडावर जाळी घालून मॅगी खाणे हा प्रकार केलाय का कुणी? जाळी वर केली की तेवढ्यात शंभर आत. जळवा परवडल्या, त्या निदान एकेकट्या येतात. चौथ्या दिवशी बस धरली. इथल्या मराठी मंडळात मात्र पूर्ण केलं असंच सांगितलंय, कृपया कुणी बोलू नका.

मुकाट
मंडळात कळवण्यात आले आहे.

सुगरण_नाही
सगळे चालण्याचं बोलताय, डब्याचं कुणीच नाही. माझ्या मते ट्रेकला पोळीभाजी नेणाऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवावं. धपाटे, दही नको, लसणाची चटणी. दशम्या असतील तर उत्तमच, दुधातल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ. उकडलेले बटाटे नेणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही.

गुडघेदुखी
उकडलेले बटाटे मी नेतो.

सुगरण_नाही
म्हणून गुडघे दुखतात.

जुना_भटक्या
चिंचगोळी, तुम्हाला लागला तो चकवा. आमची आजी म्हणायची, चकवा लागला की सदरा उलटा करून घालायचा. थट्टा सोडा, पण धुक्यात ना सूर्य दिसत ना लांबचा डोंगर, अशा वेळी माणूस सरळ चालतोय असं वाटूनही गोल फिरतो. तुम्ही बसलात हे शहाणपणाचं. आम्ही बसलो नाही. राजगडाहून तोरण्याला निघालेलो, डिसेंबर, कारवीच्या झुडपांतून डोंगराची सोंड उतरताना अंधार झाला. टॉर्च दोन, सेल एकीत. चालत राहिलो आणि पुढच्याचा पाय हवेत पडला. त्याने कारवीची मोळीच्या मोळी मिठीत धरली आणि लटकला. कारवी मुळासकट येते असं म्हणतात, त्या रात्री आली नाही. तिथेच बसून रात्र काढली, थंडीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. उजाडल्यावर बघितलं तर खाली दोन पुरुष खोल. तो मित्र आज आजोबा आहे. त्याच्या नातवाला कळायला नको म्हणून नाव लिहीत नाही.

आणि भीमाशंकरला पावसात रात्री रानात कुजक्या फांद्या चमकतात, हिरवट. बुरशी असते ती. आम्हाला आधी भूत वाटलं.

आंब्याचं_पान
शेकरू दिसलं का कुणाला तिकडे? मी चार वेळा गेले, चारही वेळा फक्त घरटं.

पुणेकर_नसलेला
मला देवळामागे दिसलं. माकडांना बिस्किटं देणाऱ्यांची गर्दी होती, वर कुणी बघतच नव्हतं.

चिंचगोळी
सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला सांगितलं. सगळं, हिरड्यापर्यंत. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे तू आजीला खोटं बोललीस?" एवढ्या सगळ्यातून हेच निवडलं तिने! असो. तह असा झालाय: पाऊस असेपर्यंत शिडी नाही, गणेश घाटाने जायचं, खांडसमधला वाटाड्या घ्यायचा, आणि मी बरोबर जायचं. शेवटचं कलम तिने घातलंय, मी नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

@सुगरण_नाही दशम्यांना दूध कोमट की थंड?

सुगरण_नाही
कोमट. गूळ त्यातच विरघळवायचा. आणि तूप विसरू नका.

गुडघेदुखी
नी-कॅपचं राहिलंच.