पॅरिसात तिघांचं जेवण शंभर युरोत, तेही झकास फ्रेंच – जमेल काय?

पेन्शनर_टिळकवाडी

मंडळी, नमस्कार. ऑक्टोबरात आम्ही दोघं पॅरिसला चाललोय. लेक तिकडं नोकरीला आहे, राहायची सोय तिच्याकडंच. त्याच आठवड्यात आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतात. माझ्या मनात एकच आहे. एक दिवस तिघांनी नीट बसून फ्रेंच जेवायचं आणि बिल मी द्यायचं. लेकीनं नाही. तिनं तिकिटं काढली, तेवढं बास झालं.

बजेट तिघांत मिळून १०० युरो, म्हणजे धरून चला दहा हजार रुपये. एवढ्यात बेळगावात अख्ख्या गल्लीला जेवण घालता येतं हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायच्या भानगडीत पडू नये.

कोट घालून जावं लागेल, ओळीनं पाच काटे मांडलेले असतील, असलं काही नको. पण नुसता मांसाचा तुकडा आणि बटाट्याच्या काड्याही नकोत. कुणीतरी डोकं लावून, मन लावून केलेलं हवं. मागं मुंबईत एका मोठ्या हॉटेलात ‘फ्रेंच’ म्हणून गेलो होतो. परातीएवढी बशी, त्यात लिंबाएवढा घास. बाहेर पडून दोघांनी वडापाव खाल्ला. तसं व्हायला नको.

लेक म्हणते, “बाबा, बिस्त्रोत जाऊ.” पण ती स्वतः ऑफिसजवळ उभ्यानं सँडविच खाते, तिला कुठलं काय माहीत? बिस्त्रो म्हणजे नक्की काय आणि चांगलं कसं ओळखायचं?

एक अडचण आहे. ही अंडं खाते, मासे-मटण नाही. मला सगळं चालतं, सोमवार सोडून.

गणपत_गल्ली

काका, गार द्यु नोर स्टेशनच्या पलीकडं ला शापेल म्हणून भाग आहे. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं. डोसा खावा, चहा प्यावा, उरलेल्या ऐंशी युरोचं काकूंना काहीतरी घ्यावं. ३५ वर्षं सांभाळलंय तुम्हाला.

खानापूरचा_पोरगा

वरच्यांचं ऐकू नका काका. डोसा खायला एवढं लांब कशाला जायचं?

मी खानापूरचा. हॉटेल मॅनेजमेंट करून पॅरिसात तीन वर्षं एका लहान बिस्त्रोच्या किचनात होतो, आता पणजीत आहे. तुमचं काम शंभरात होतंय, पण एक अट आहे. रात्री नाही, दुपारी जायचं. तेही मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी दुपारचा स्वस्त मेन्यू बहुतेक ठिकाणी नसतो आणि रविवार-सोमवार कितीतरी चांगली ठिकाणं बंदच असतात. तुमचा सोमवार आपोआप पाळला जातोय बघा.

बिस्त्रो म्हणजे मुळात आपली खानावळ. लहान जागा, मालक गल्ल्यावर, ठरलेले चार पदार्थ. (१८१४ मध्ये रशियन सैनिक पॅरिसात ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ ओरडायचे, त्यावरून नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला तिथं कुणीतरी सांगणारच. ऐकून हसायचं आणि सोडून द्यायचं. छापील फ्रेंचमध्ये हा शब्द दिसायला लागतो १८८० च्या दशकात.)

तुम्हाला हवंय ते याच्या पुढचं. इव्ह कांदबोर्द हा क्रियों या राजेशाही हॉटेलात क्रिस्तियाँ कोंस्तां यांच्या हाताखाली तयार झालेला शेफ. आखाती युद्धानंतर मंदी आली, महागड्या हॉटेलांची गिऱ्हाइकं आटली. १९९२ मध्ये यानं शहराच्या पार दक्षिण टोकाला, चौदाव्या विभागात ‘ला रेगालाद’ काढलं. तिथं जागा स्वस्त, बडेजाव काही नाही, ठरलेल्या किमतीत पूर्ण जेवण. पण शेगडीपुढचा हात क्रियोंचा. गिऱ्हाईक बसलं की टेरीनचं भांडं, ब्रेड आणि छोट्या काकड्यांचं लोणचं समोर यायचं, हवं तेवढं घ्या. टेरीन म्हणजे चौकोनी भांड्यात भाजून थंड केलेला मांसाचा गोळा, वडीसारखा कापून खायचा. लोक शहराच्या टोकापर्यंत जाऊन जेवायला लागले. पुढं २००४ मध्ये सेबास्तियाँ दमोराँ या खाद्यसमीक्षकानं या सगळ्या प्रकाराला नाव दिलं, ‘बिस्त्रोनोमी’. तोवर त्या वाटेनं गेलेले बरेच शेफ झाले होते.

आता स्वस्त कसं पडतं ते सांगतो, कारण मी ते आतून बघितलंय. आमच्याकडं २८ खुर्च्या आणि किचनात आम्ही तिघं, भांडी घासणारा धरून. शेफ सकाळी बाजार करून आला की खडूनं पाटी लिहायचा. सुरुवातीचे तीन, मुख्य तीन, गोड दोन. बास. पदार्थ थोडे म्हणून फ्रीज लहान, फ्रीज लहान म्हणून शिळं काही नाही. महागडे मासे आम्ही घेतच नव्हतो. बांगडा घ्यायचो! चोर्ला घाटातून आपल्याकडं येतो त्याचा थंड पाण्यातला भाऊ. पहिल्या दिवशी पेटी उघडली आणि मला घरची आठवण आली. मी शेफला म्हटलं, आमच्याकडं हा तिखट-कोकम लावून तळतात. तो म्हणाला, आधी हे बघ. काटे काढायचे, मीठ आणि थोडी साखर चोळून वीस मिनिटं ठेवायचं, धुवून व्हिनेगर लावायचं, आणि देताना फक्त कातडीवर गॅसची ज्योत फिरवायची. वरून करपलेला, आतून जवळजवळ कच्चा. सोबत नवलकोलाच्या पातळ चकत्या. होय, तोच आपला सांबारातला नवलकोल. खाल्ल्यावर मी गप्प झालो.

मांसाचंही तसंच. डुकराच्या गालाचं मांस चिवट म्हणून स्वस्त. वाइनमध्ये मंद आचेवर चार तास ठेवलं की चमच्यानं तुटतं. पैशाच्या जागी वेळ घालायचा. आमची आजी चुलीवर हेच करायची, फक्त तिला कुणी शेफ म्हटलं नाही.

माझ्या वेळी आमचा दुपारचा तीन पदार्थांचा मेन्यू २४ युरो होता, रात्रीचा ४२. हात तोच, भांडी तीच. आता २६ ते ३२ धरा, म्हणजे तिघांत बसतंय.

ओळखायचं कसं? दारात पाच भाषांतलं, फोटोंचं कार्ड आणि बाहेर उभा राहून हाका मारणारा माणूस दिसला की पुढं चालायचं. मी गेल्या गेल्या असल्याच एका ठिकाणी बदक खाल्लं होतं, प्रसिद्ध चर्चपासून हाकेच्या अंतरावर. मधोमध अजून बर्फ होता. पाटी खडूची असावी, लहान असावी, हस्ताक्षर लागू नये. भांड्यावर घराचं छप्पर असलेलं चिन्ह दिसलं तर ते ‘फे मेझों’चं, म्हणजे इथंच शिजवलेलं. २०१४ पासून सरकारी आहे. मिशलँ ही टायर कंपनी, हॉटेलांना तारे देते. तिच्या साइटवर तारे शोधू नका, ‘बिब गुर्मां’ शोधा. टायरवाला गुबगुबीत माणूस जिभल्या चाटतोय असं चित्र. बेतात दर आणि चांगलं जेवण, यासाठी तो शेरा १९९७ पासून देतात.

नावं हवी असतील तर अकराव्या विभागात भटका. बिस्त्रो पोल बेर आहे, जुन्या वळणाचं. सातव्या विभागात, रु मालारवर लामी जाँ आहे, तिथला भाताचा गोड पदार्थ ‘री ओ ले’ प्रसिद्ध. कांदबोर्दनं २००५ मध्ये ओदेओंजवळ काढलेलं ‘ल कोंत्वार’ आहे. दर निघायच्या आधी बघा, ही सगळी नावाजली तशी चढली. शातोब्रियां आणि सेप्तीम याच वाटेवरची मोठी नावं, पण तुमच्या शंभरात बसणार नाहीत. खरं सांगू? लेकीच्या घराजवळचं, कुणी न लिहिलेलं एखादं बिब मिळालं तर तेच घ्या. आणि ऑक्टोबरात जाताय म्हणून पाटीवर ‘सेप’ दिसलं तर सोडू नका. रानातली अळंबी आहे ती. आपल्या खानापूरच्या रानात पावसाळ्यात उगवते ती वेगळी, पण वास घेतलात की मी काय म्हणतोय कळेल.

निपाणी_अक्का

पोरा, छान लिहिलंस. पण वहिनींचं काय? मी शाकाहारी, दोन वेळा जाऊन आलेय, म्हणून सांगते.

फ्रेंच माणसाला ‘शाकाहारी’ म्हटलं की तो मांसाचे तुकडे वेचून काढतो आणि रस्सा तसाच ठेवतो. कांद्याचं सूप शाकाहारी दिसतं, असतं बैलाच्या हाडांच्या पाण्यात. सॅलडमध्ये बारीक गुलाबी तुकडे दिसले तर ते डुकराचे, ‘लार्दों’ म्हणतात. थरथरणाऱ्या गोडात जिलेटिन असू शकतं. म्हणून जागा राखतानाच लिहायचं : मांस नाही, मासा नाही, मांसाचं पाणीही नाही, अंडं-दूध चालतं. लहान ठिकाणी आयत्या वेळी सांगितलं तर बिचारे करणार काय? आदल्या दिवशी सांगितलं तर मनापासून करतात.

बिनधास्त मागवायचं ते ‘पोआरो व्हिनेग्रेत’. पोआरो म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला दीर म्हणा. मऊ उकडून, मोहरी-व्हिनेगरचं पाणी घालून थंड देतात. आणि अंडं-मेयोनीज, साधं वाटतं पण तिथं त्यावरून स्पर्धा घेतात.

दारातून आत जाताना ‘बोंझूर’ म्हणायचं, विसरायचं नाही. न बोलता खुर्ची ओढलीत तर पुढचा तासभर तुम्ही त्यांच्या लेखी नाही.

पेन्शनर_टिळकवाडी

अक्का, खानापूरकर, दोघांचे आभार. प्रिंट काढून हिला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न, पाणी विकत घ्यावं लागतं काय? माझा प्रश्न, टीप किती? आणि अडीचला गेलो तर चालेल काय? आम्ही तसे उशिरा जेवतो.

खानापूरचा_पोरगा

अडीचला काय जाऊलालाय काका, शेगडी बंद असते! साडेबाराची वेळ घ्या. दोनच्या आत मागवून झालं पाहिजे.

‘यून काराफ दो, सिल वू प्ले’ म्हणायचं, नळाचं पाणी फुकट येतं. ब्रेडही फुकट. नुसतं ‘पाणी’ म्हणालात तर बाटली येते आणि बिलात चढते. सेवेचे पैसे किमतीत धरलेले असतात. खूश झालात तर दोन-तीन नाणी ठेवा, नाही ठेवलीत तर मागून कुणी येत नाही. ‘मेन्यू’ म्हणजे तिथं ठरलेल्या किमतीचं जेवण, यादीला ‘कार्त’ म्हणतात. आणि ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ मुख्य पदार्थ, म्हणून तिकडून आलेल्यांचा घोळ होतो, तुमचा नको.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. तासभर बसलात तरी नाही. ते दुर्लक्ष नव्हे, तुम्हाला उठवायचं नाही म्हणून.

बासमती_येळ्ळूर

आणि हे सगळं जमलंच नाही तर ‘बुयों शार्तिए’. १८९६ पासूनचं. जेवण साधंच, कलाकुसर शोधू नका, पण तो हॉल बघण्यासारखा आणि वेटर टेबलावरच्या कागदावरच बिल मांडतो. बुयों म्हणजे मांसाचा कढ. १८५० च्या दशकात द्युव्हाल नावाच्या खाटकानं बाजारातल्या कामकऱ्यांसाठी तो विकायला सुरुवात केली, त्यातनं हा प्रकार वाढला. रांग लागते, पण सरकते.

पेन्शनर_टिळकवाडी

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, आल्या आल्या सांधे धरले.

लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर बिबवालं एक ठिकाण निघालं. बावीस खुर्च्या. तीन दिवस आधी लेकीकडून अक्कांचं वाक्य फ्रेंचमध्ये लिहून पाठवलं. गुरुवारी साडेबाराला गेलो, मी दारातच एवढ्या मोठ्यानं बोंझूर म्हटलं की कोपऱ्यातल्या बाईनंही उलट बोंझूर केलं. मेन्यू २८ युरो.

मला बांगडा मिळाला, पोरा! सोबत नवलकोल नव्हता, सफरचंद होतं. पहिल्या घासाला वाटलं हे कच्चं आहे, दुसऱ्याला वाटलं आपण आयुष्यभर जास्त तळत आलो. (हे हिला सांगितलेलं नाही.) मग कोंबडी, खाली तुझी ती सेप. वास आला आणि मला आमच्या आजोळची ओली पडवी आठवली.

हिच्यासाठी त्यांनी पाटीवर नसलेलं केलं. पोआरो, मग भाजलेला लाल भोपळा, वर अर्धवट उकडलेलं अंडं आणि तांबूस केलेलं लोणी. हिनं लोण्याचा वास घेतला आणि म्हणाली, “हे कढवताना विसरलेत.” लेकीनं भाषांतर केलं. शेफ बाहेर आला, हसला, आणि मुद्दाम विसरतो म्हणाला. मग ही त्याला कुंदा कसा करतात ते सांगायला लागली, दूध आटवताना रंग कुठवर येऊ द्यायचा ते. लेक घामाघूम. बॅगेतला अर्धा किलो कुंदा दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन दिला.

बिल ९१. तीन मेन्यू ८४ आणि माझी एक ग्लास वाइन ७. तीन कॉफ्या बिलात दिसल्या नाहीत, मला वाटलं पाण्यासारख्या त्याही फुकट असतील. दोन युरो ठेवले, ऐटीत बाहेर पडलो. मेट्रोत बसल्यावर कळलं, हात धुवायला म्हणून उठली तेव्हा लेकीनं कॉफीचे पैसे देऊन टाकले होते.