मदत हवी आहे: रात्री वादळाचं केंद्र कसं धरायचं?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या मालिम जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यांसाठी इन्सॅट-३डीआर या हवामान उपग्रहाची अवरक्त (उष्णता टिपणारी) चित्रं दर अर्ध्या तासाने नकाशावर मांडतो, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ५ तास ३० मिनिटं मिळवून. हवामान खात्याचं बुलेटिन अंतिम मानतोच. दिवसा दृश्य (सूर्यप्रकाशातल्या) चित्रात खालच्या ढगांची वळणं दिसतात, केंद्र सापडतं. रात्री वरचा पांढराफटक ढग सगळं झाकतो. वरच्या वाऱ्यांनी तो एका बाजूला ओढला असेल तर केंद्र त्याच्या काठाशी, कधी बाहेरच असतं. ८९ गिगाहर्ट्झचं मायक्रोवेव्ह चित्र वरच्या ढगाआडचं दाखवतं, पण ते टिपणारे उपग्रह मोजक्याच वेळा वरून जातात. मधल्या तासांत आधीच्या दोन स्थानांवरून वेग-दिशा काढून पुढे सरकवणं पुरतं का? २०२१च्या तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याला धरून वर सरकलं, तर ५० किलोमीटरची चूकही जिवावर बेतेल.