प्रसन्न कर्मचारी अधिक काम करतो का?

जमाखर्च (धागालेखक): ब्रिटिश टेलिकॉमच्या ११ कॉल सेंटरांतील सुमारे १,८०० विक्री कर्मचाऱ्यांना ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सहा महिने दर आठवड्याला त्यांची मनःस्थिती विचारली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, की मन प्रसन्न असताना त्यांची विक्री सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होते. कामाचे तास वाढले नव्हते. त्याच वेळेत अधिक फोन होत होते आणि त्यांतले अधिक फोन विक्रीपर्यंत पोहोचत होते. म्हणून कर्मचाऱ्याचे मन हा व्यवस्थापनाने वार्षिक स्नेहसंमेलनावर न सोपवता रोजच्या हिशेबात धरण्याचा विषय आहे, असे माझे मत आहे.

शंकेखोर: आपण बैलापुढे गाडी जुंपत आहात. विक्री झाली की विक्रेता खूश होणारच.

जमाखर्च: शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही आली होती. त्यांनी त्यासाठी हवामानाचा आधार घेतला. ज्या इमारतींना खिडक्या जास्त, तिथे मळभाच्या दिवसांत कर्मचारी अधिक खिन्न होत आणि विक्रीही घटे. ग्राहकांचे फोन देशभरातून येत असल्याने स्थानिक आभाळाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. विक्रीमुळे ऊन पडते, असे तर आपण म्हणणार नाही!

हिशेबतपासनीस: मळभाचाच दाखला घ्यायचा, तर सिडनीचाही घ्यावा. तिथे मानसशास्त्रज्ञ जोसेफ फोर्गास आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुकानात पाहिलेल्या किरकोळ वस्तू ग्राहकांना लख्ख दिवसांपेक्षा पावसाळी, उदास दिवसांत अधिक अचूक आठवल्या. गोड बोलून गिऱ्हाईक वळवायचे असेल तर प्रसन्नता उपयोगी पडेल, पण ताळेबंदातील चूक हुडकायला किंचित कुरकुरा माणूसच मला बरा वाटतो.

रात्रपाळी: मी तीन वर्षे पुण्यातील एका कॉल सेंटरमध्ये होतो. तिथे असे निष्कर्ष वरिष्ठांच्या हाती पडले, की ‘आवाजात हसू ठेवा’ अशी सूचना होई आणि हसू कमी पडल्यास गुण कापले जात. हवाई सुंदरींच्या अशाच सक्तीच्या हास्याला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटले होते. खिडक्या मात्र आमच्याकडे कोणी वाढवल्या नाहीत.

जमाखर्च: सक्तीच्या हसण्याचे समर्थन मी केलेले नाही. मात्र ताळेबंदाचा मुद्दा मान्य. माझे विधान विक्रीपुरते मर्यादित समजावे.