गावातल्या संध्याकाळच्या वर्गाला स्वयंसेवकांसाठी नियम कसे करावेत? एक काका दुखावतील म्हणून अडलंय

बालाघाटी

धारूर तालुक्यातलं गाव आहे, नाव लिहीत नाही. दसरा झाला की आमच्याकडचे निम्मे कोयते (ऊसतोडीची जोडपी) साखर कारखान्यावर जातात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच येतात. लेकरं राहतात आजी-आजोबांपाशी. त्यांच्यासाठी समाजमंदिरात 4 वर्षांपासून संध्याकाळी वर्ग घेतो. यंदा 31 लेकरं आहेत, तिसरी ते नववी. शिकवणारे आम्ही पाच: मी (दिवसा कृषी सेवा केंद्रात काउंटरला असतो), कॉलेजची दोन पोरं, अंगणवाडीच्या ताई आठवड्यातून दोनदा, आणि यंदापासून एक रिटायर काका. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, कोणाला पगार नाही.

काकांचं गणित एक नंबर. ज्या पोरांना भागाकार बघून पळ सुटायचा ती आता फळ्यापाशी भांडतात. लाईट जाते म्हणून सोलरचा दिवाही त्यांनी पदरचा आणून दिला. आता अडचण ऐका. मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीची आजी दुकानात आली. मला वाटलं युरियाला आली. म्हातारी गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "दादा, ते मास्तर माझ्याच नातीला गाडीवर सोडाय का येतेत? तेन्ला आमचं घर वाटंत बी न्हाई."

एवढंच. पुढं एक शब्द नाही.

मुलीची तक्रार नाही. काकांबद्दल मी वाईट काही ऐकलेलं नाही, आणि माझ्या मनातही तसं काही नाही. पण आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. जानेवारीत वेरूळ-दौलताबादची सहल ठरलीय, एक रात्र मुक्काम. त्याआधी मोठ्या माणसांसाठी काही नियम करावेत असं वाटतंय. करायचे कसे? आणि काकांना "तुमच्यामुळं केले" असं न वाटता सांगायचे कसे? चांगला माणूस तुटू नये आणि लेकरूही वाऱ्यावर राहू नये.

निवृत्त_बाई (अंबाजोगाई)

33 वर्षं शाळेत काढली, त्यातली 9 मुख्याध्यापिका म्हणून. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आजीनं तुम्हाला काय विचारलं ते तुम्हाला कळलंय, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. त्या बाईंनी काकांवर आरोप केला नाही, त्यांनी मोजलं. माझ्याच नातीला का, आणि वाट वाकडी करून का. शाळेत आम्हीही हेच मोजायचो. कोण चांगला, कोण वाईट हे माणसाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. एकाच लेकरासाठी वेगळा वेळ, वेगळा खाऊ, वेगळी गाडी, हे मात्र डोळ्यांना दिसतं.

नियम माणसावर करू नका, जागेवर आणि वेळेवर करा. समाजमंदिराचं दार सताड उघडं, कडी आतून लावायची नाही. एक मोठा माणूस आणि एकच लेकरू, असं खोलीत कधी उरायचं नाही. कोणाला वेगळं शिकवायचं असेल तर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. लाईट गेली तर दिवा लावेपर्यंत सगळ्यांनी ओट्यावर यायचं, मोठ्यांनीसुद्धा. हा नियम मी मुद्दाम सांगतेय. अंधारात अर्धा तास म्हणजे काय हे शाळेत राहिलेल्या बाईला विचारा. गाडीवर कोणी कोणाला सोडायचं नाही. खाऊ द्यायचा तर 31 जणांना, नाहीतर कोणालाच नाही. लेकराला परस्पर फोन किंवा मेसेज नाही, निरोप आजीच्या फोनवर. गुपित ठेवायला सांगायचं नाही, गमतीचंही नाही.

आता तुम्हाला तीन प्रश्न, रागावू नका. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते? तुम्ही स्वतः कोणाला गाडीवर सोडता का? आणि लेकराला तुमच्याचबद्दल काही सांगायचं असेल तर त्यानं कोणाकडे जायचं?

परभणीचा_अण्णा

बाईंचा अनुभव मोठा, पण माफ करा, हे शहरी खूळ वाटतंय. फुकट शिकवणारा माणूस मिळत नाही आणि मिळाला की त्याच्यावर पहारा. आमच्या वेळी गुरुजी घरी झोपवून घ्यायचे परीक्षेच्या आधी. उद्या लेकराच्या डोक्यावरून हातही फिरवायचा नाही का? काकांना कळलं तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, आणि भागाकार पुन्हा पळून जाईल. आजीला समजावून सांगा, विषय संपला.

ऊसतोडीची_लेक

अण्णा, नमस्कार. मी तेच लेकरू आहे ज्याच्याबद्दल तुम्ही बोलताय. आईबाप सहा महिने कारखान्यावर, कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत). मी आजीजवळ. आता पुण्यात नोकरी करते.

आठवीत असताना आमच्याकडे शिबिर व्हायचं. तिथले एक सर रात्री जेवणं झाली की मलाच म्हणायचे, "वही घेऊन ये, तपासून देतो." तीन रात्री गेले. काही झालं नाही, खरंच झालं नाही. चौथ्या रात्री मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले, आणि शिबिर संपेपर्यंत रोज पोट दुखवत राहिले. कारण सर चांगले होते. सगळे म्हणायचे चांगले आहेत. चांगल्या माणसाला नाही म्हणायला लेकराजवळ शब्दच नसतो. "सर, नियम नाही ना तसा" एवढं वाक्य मला कोणी दिलं असतं तर पोटाचं सोंग करायला लागलं नसतं.

डोक्यावरून हात फिरवायला कोण नको म्हणतंय? सगळ्यांसमोर फिरवा की.

आणि फक्त पोरींसाठी नियम करू नका. माझ्या भावाला त्या शिबिरात कोणी विचारलंच नाही, पोरगं आहे, त्याला काय व्हायचंय म्हणून.

काळा_कोट (लातूर)

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण गावात यावर अफवा जास्त आणि माहिती कमी असते.

पॉक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 चा, त्या वर्षीच्या 14 नोव्हेंबरपासून लागू. 18 वर्षांखालचं कोणीही यात बालक, मुलगा असो की मुलगी. वरच्या ताईंनी भावाचं लिहिलं ते कायद्यालाही मान्य आहे. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच पाहिजे. "आमची संस्था नोंदलेली नाही" ही सबब तिथे चालत नाही. कळवलं नाही तर कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर 1 वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं दिलेली माहिती पुढे खरी ठरली नाही तरी माहिती देणाऱ्यावर दावा होत नाही, हेही त्याच कलम 19 मध्ये आहे. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून ते गप्प बसतात.

बालाघाटी भाऊ, तुमच्याकडे आजच्या घडीला गुन्हा नाही. एक म्हातारी सावध आहे, बस. म्हणून पोलिसांत जा असं मी म्हणत नाही. पण उद्या एखाद्या लेकरानं काही सांगितलं तर या चुका करू नका, लोक हमखास करतात: त्याला पाच जणांसमोर पाच वेळा विचारू नका, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला समोर बोलावून "खरं का खोटं" करू नका, चावडीवर बसून मिटवू नका, आणि नाव व्हॉट्सअपवर टाकू नका, लेकराची ओळख उघड करणं हाही गुन्हाच आहे. लेकरू जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी वहीत लिहा. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, तुम्हाला ते पाळता येणार नाही. 1098 हा मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, 24 तास चालतो, लेकरू स्वतःही लावू शकतं. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती असते.

ठाण्याची भीती असते म्हणून आणखी एक. जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला फौजदारानं, आणि वर्दीत नाही. लेकराला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

पडताळणीचं: 2020 च्या पॉक्सो नियमांत लेकरांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यावी असं आहे. तुमचे लोक बिनपगारी आहेत, पण त्या शब्दावर अडू नका. पाचही जणांनी चारित्र्य प्रमाणपत्र काढा. तुमचं आधी.

परभणीचा_अण्णा

ऊसतोडीची_लेक, ताई, वाचलं. आजीला समजावून सांगा म्हणालो ते मागे घेतो. पाहुण्यांत फोन करून नातीला विचारलं, तुझी शिकवणी घेणारे सर दार लावतात का. ती म्हणाली, "आबा, आज का विचारताय?" पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

शिट्टीवाला (नांदेड)

स्काऊटमध्ये 18 वर्षं. सहलीपुरतं सांगतो.

मुक्कामात कमीत कमी दोन मोठी माणसं, आणि मुली असतील तर त्यात बाई पाहिजेच. अंगणवाडीच्या ताईंना येणं जमत नसेल तर एखादी आजी घ्या. मी खरंच सांगतोय, आजीसारखा पहारेकरी नाही. मोठ्यांची झोपायची जागा वेगळी. रात्री संडासला तिघं-तिघं, सोबतचा मोठा बाहेर उभा. अंघोळीच्या जागेत मोबाईल कोणाचाच नाही. फोटो घोळक्याचे, एकट्या लेकराचे नकोत, आणि गाव-शाळेचं नाव घालून फेसबुकला तर अजिबात नको. पालकांची संमती लागणार, आईबाप कारखान्यावर असतील तर त्यांना फोन लावून आवाज ऐकवा आणि आजीचा अंगठा घ्या.

मोजणी तीनदा: गाडीत चढताना, लेणी संपल्यावर, जेवायला बसताना. जोड्या पाडा, जोडीदार दिसला नाही की शिट्टी.

आणि खरं सांगू का, वाईट माणसापेक्षा मला पाण्याची धास्ती जास्त. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं वरून हौदासारखं दिसतं. आत पाय गेला की ओलं प्लास्टिक धरायला काही देत नाही, चांगला पोहणारासुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही. रस्त्यात गाडी थांबली की पोरं पहिली तिकडे पळतात. तळ्याजवळ थांबूच नका.

हां, वेरूळ मंगळवारी बंद असतं. एकदा 52 पोरं घेऊन दारातून परत आलोय.

बालाघाटी

चार दिवस लिहिलं नाही कारण बाईंच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं धाडस होत नव्हतं.

किल्ली: माझ्याकडे, एकच. गाडी: होय. वरच्या वस्तीवरच्या एका पोराला मी दिवाळीपासून रोज सोडत होतो. वाट अंधाराची आहे म्हणून. म्हणजे काका जे करत होते तेच मी करत होतो, फक्त मला कोणी विचारलं नव्हतं, कारण वर्ग माझा. तिसरा प्रश्न: भिंतीवर "काही अडचण असल्यास" लिहून खाली नंबर टाकलाय तो माझा. बाकी कोणाचाच नाही.

रविवारी पाच जण बसलो. मी सुरुवात माझ्यापासून केली. म्हणालो, मी त्या पोराला गाडीवर सोडतो, आजपासून बंद. का, ते सांगितलं. आजीचा विषय काढला नाही. कॉलेजचं एक पोरगं म्हणालं, "मग सर, तुमच्यावर कोणाला संशय आलाय का?" मी म्हणालो, नाही आला, पण आला तर सांगायचं कोणाला? माझाच नंबर आहे भिंतीवर. सगळे गप्प.

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी पण एकीला सोडत होतो. तिकडं कुत्री फार आहेत." मी काही बोललो नाही. मग तेच म्हणाले, "मग वर्गच लवकर सोडा ना."

इतकं सोपं होतं. वर्ग साडेसहाला भरायचा, आता पाचला भरतो. उजेड असतानाच सुटतो, वस्तीची सगळी लेकरं एका घोळक्यानं जातात, नववीतली दोन पोरं मागं काठी घेऊन. मला दुकानातून दीड तास आधी निघावं लागतं, मालक कुरकुरला, पण ते माझं मी बघीन.

काकांना वाईट वाटलं का? वाटलं असणार. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, ओट्यावर बसून भागाकार घेतला. मुलीला तिच्या आजीसमोर अंगणवाडीच्या ताईंनीच विचारलं, मी नाही. काही नाही म्हणाली. तरी ताईंनी तारीख टाकून वहीत लिहून ठेवलंय.

भिंतीवर आता तीन नंबर आहेत: ताईंचा, एका आजीचा आणि 1098. माझा खोडला. दुसरी किल्ली करून ताईंना दिली. पडताळणीचे अर्ज भरायला घेतलेत. नियमांचा कागद लेकरांना मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा तिसरीतलं एक म्हणालं, "सर, तुम्ही नियम मोडला तर उठाबशा किती?"

बाई, याला काय उत्तर द्यायचं?

निवृत्त_बाई (अंबाजोगाई)

त्यालाच ठरवू द्या. आणि सहलीला कोणती आजी येतेय ते कळवा.

बालाघाटी

तीच. युरिया न घेता गेलेली.